पार्सल फेकणारा हात दिसतो, सही करून घेणारा दिसत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांनी तो व्हिडिओ फॉरवर्ड केला त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या पाटण तालुक्याच्या तीन-चार ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. रात्रीची वेळ, कुठलं तरी गोदाम, दोन पोरं टेम्पोत पार्सलं फेकतायत. एक खोका आपटला, दुसरा पायानं आत ढकलला. झालं, खाली प्रतिक्रियांचा पाऊस. "माजलेत." "फुकटचा पगार खातात." "म्हणूनच आमचा मिक्सर फुटून आला." आणि एकानं विचारलं, "सुपरवायझर झोपलाय का?"

त्या शेवटच्या प्रश्नासाठी ही पोस्ट. सुपरवायझर झोपलेला नसतो, साहेब. तो कुठं उभा असतो ते मला माहिती आहे, कारण दोन वर्षं मी तिथंच उभा होतो.

२००४ ते २००६. लोअर परळला एका बंद गिरणीच्या कंपाउंडमधल्या शेडमध्ये एका कुरियर कंपनीचं हब होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाही. संध्याकाळी दादरला पत्रकारितेच्या डिप्लोमाचा वर्ग करायचा, नऊला कामावर हजर व्हायचं, पहाटे पाचला सुटायचं. राहायला लालबागला गावकीची खोली. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीवर रात्रपाळीवाल्यानं आडवं व्हायचं. हुद्दा होता 'लोडिंग सुपरवायझर'. गावाकडं आईनं पेढे वाटले. पोरगं साहेब झालं!

साहेबाचं काम ऐका. बाहेरगावच्या गाड्या यायच्या, त्यातल्या बॅगा उतरायच्या, पिनकोडप्रमाणे लागायच्या आणि पहाटेच्या आत छोट्या टेम्पोत भरायच्या. ४००००४ गिरगाव. ४०००१२ परळ-लालबाग. ४०००१३ डिलाईल रोड. ४०००१४ दादर पूर्व, ४०००२८ दादर पश्चिम. बारा आणि तेरामधला एक आकडा चुकला की लालबागचं पार्सल डिलाईल रोडला जायचं आणि सकाळी दहाला फोन माझ्या नावानं यायचा. भरण्याचंही शास्त्र आहे. शेवटी उतरायचं ते आधी चढवायचं. गिरगावचा माल आत, लालबागचा दाराशी. जड खाली, हलकं वर. थप्पी अशी लावायची की पुलावर ब्रेक मारला तरी ढासळू नये. हे सगळं त्या पोराला शिकवायचं, जे काल कामावर आलंय आणि दहा दिवसांनी दिसणार नाहीये.

कारण पोरं कंपनीची नसायची, ठेकेदाराची असायची. ठेकेदाराचा पगार उशिरा झाला की चौघांतले दोघे गायब. गाडी मात्र वेळेवर निघाली पाहिजे, कारण सकाळी मोठ्या गाड्यांना शहरात बंदी लागते आणि हवालदार थांबवतो. माणसं किती द्यायची ते ठेकेदार ठरवणार. गाडी किती वाजता सोडायची ते कंपनी ठरवणार. या दोन्हीत न बसणारं जे काही उरेल ते सुपरवायझरच्या डोक्यावर. मालाचा खोका पोराच्या डोक्यावर, आणि खोक्याचा हिशेब माझ्या.

आता हल्लीचं सांगतो. माझा भाचा, थोरल्या ताईचा मुलगा, गेल्या वर्षीपासून मुंबईत त्याच पट्ट्यात एका डिलिव्हरी कंपनीच्या गोदामात लोडिंग सुपरवायझर होता. वीस वर्षांत काय बदललं असं त्याला विचारलं. म्हणाला, "मामा, वहीच्या जागी स्कॅनर आला. बाकी तेच."

त्यानं सांगितलेला एका रात्रीचा हिशेब तुम्हीच करून बघा. तीन तासांत १,८०० नग भरायचे. माणसं चार. म्हणजे एका माणसाला ४५० नग. तीन तासांचे १८० मिनिटं. एका नगाला २४ सेकंद. त्या २४ सेकंदांत उचलायचं, स्कॅन करायचं, चालत जायचं, थप्पीत लावायचं, परत यायचं. सरासरी ६ किलोचा नग धरला तरी एका पोराच्या हातून तीन तासांत २,७०० किलो गेले. पावणेतीन टन! आणि ज्या रात्री दोघंच आले त्या रात्री? १२ सेकंद आणि ५,४०० किलो.

१२ सेकंदांत पार्सल ठेवता येत नाही. फेकताच येतं. व्हिडिओतला तो हात माजलेला नाही, तो हात भागाकारातून आलाय. आणि तो भागाकार ज्यानं केला तो व्हिडिओत नाही. तो रात्री झोपलेला असतो. झोपलेला माणूस शोधायचाच असेल तर तिकडं शोधा.

तुटफूट झाली की काय होतं तेही सांगतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आमची एक गाडी कुर्ल्याच्या बाजूला पाण्यात अडकली ती तिसऱ्या दिवशी मिळाली. जून-जुलै म्हणजे कंपन्यांचे वार्षिक अहवाल भागधारकांना पाठवायचा मोसम. जाड कागदाची हजारो पुस्तकं, वजनाला दगड. जड म्हणून ती नियमाप्रमाणे खाली लावली होती. पाणी खालूनच शिरलं, सगळा लगदा झाला. पगारात दीड हजार कापले. कारण काय? "कागदाचा माल खाली का लावला?" वर लावला असता आणि थप्पी ढासळली असती तर विचारलं असतं, "जड माल वर का लावला?" मुंबई बुडाली त्याचेही पैसे सुपरवायझरनं भरले.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. आज सांगतो, पाठ करून ठेवा. १९३६ चा वेतन प्रदान कायदा असं सांगायचा की माल हरवला, खराब झाला म्हणून पगारातून पैसे कापायचे असतील तर ते नुकसान थेट त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. नव्या वेतन संहितेतही ही तरतूद आहे. मला संधी म्हणून काय मिळालं? पगाराची पावती. त्यावर 'शॉर्टेज' असा एक शब्द आणि एक आकडा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर युनियनमध्ये का नाही गेलास? परळ-लालबागला राहून असा प्रश्न! हीच तर 'सुपरवायझर' या शब्दाची गंमत आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती. सुपरवायझरचं काम करणारा आणि महिन्याला १,६०० रुपयांपेक्षा जास्त मिळवणारा माणूस कामगार धरला जायचा नाही. २०१० मध्ये ती मर्यादा १०,००० केली. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. माझ्या भाच्याचा पगार किती? १९,५००. मर्यादेच्या दीड हजार वर! योगायोग असेलही. पण खाली लोडर आजारी पडला की खोके उचलणारा, ट्रॉली ढकलणारा, ताडपत्री बांधणारा तोच. कोर्टांनी अनेकदा सांगितलंय की हुद्द्याचं नाव बघू नका, माणूस प्रत्यक्ष काय काम करतो ते बघा. पण कोर्टात जायला रजा लागते, आणि रजा मागितली की माणूस बदलतात.

म्हणजे बघा, कंपनीच्या लेखी तो व्यवस्थापनाचा माणूस. व्यवस्थापनाच्या लेखी तो ठेक्यावरचा. पोरांच्या लेखी तो शिव्या घालणारा. आणि तुमच्या लेखी, झोपलेला.

शिव्या मीही घातल्या आहेत. हे लपवून बाकीचं लिहिलं तर ही पोस्ट खोटी ठरेल. पाठ टेकून दोन मिनिटं बसलेल्या पोराचा मी अर्धा दिवस मांडलाय. चहाला गेलेल्याची हजेरी खोडलीय. वरून आलेला दाब मी तसाच खाली दिला, वरती थोडा माझाही मिसळला. तेवीस वर्षांचा होतो आणि हातात शिट्टी होती.

पण त्याहून वाईट एक गोष्ट केली.

२००५ च्या दिवाळीच्या आधी. एक लाकडी खोका आला, कसल्यातरी मशीनचा भाग. कागदावर वजन ४० किलो. आम्ही हात लावल्याबरोबर कळलं की हे ८० च्या घरात आहे. काटा होता, पण महिनाभर बंद. टेम्पोचा तळ आमच्या ओट्यापेक्षा हातभर उंच, मध्ये लाकडी फळी. दोन पोरं खोका ढकलत होती. मी घड्याळ बघत होतो आणि ओरडत होतो. फळी सरकली. खोका एकाच्या कमरेवर आला.

जावळीचं पोरगं होतं, एकवीस-बावीसचं. नाव लिहीत नाही. टॅक्सीत घालून केईएमला नेलं. केईएम आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तेवढंच त्याचं नशीब. सकाळी वरच्या साहेबानं मला बोलावलं. टाईप केलेला कागद समोर ठेवला. सदर इसम ड्यूटी संपवून घरी गेल्यावर जिन्यावरून पडला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. साहेब आवाज चढवून बोलला नाही. फक्त म्हणाला, "तुझं डिप्लोमाचं वर्ष पुरं व्हायचंय ना अजून?"

मी सही केली.

त्या सहीचा अर्थ मला नंतर कळला. पोराचं ईएसआय भरलेलं असतं आणि अपघात कामावर झाला अशी नोंद झाली असती, तर काम बंद असेपर्यंत त्याला पगाराचा मोठा हिस्सा भत्ता म्हणून मिळाला असता. कायमचं अपंगत्व आलं असतं तर त्याचं निवृत्तिवेतन वेगळं. उपचाराला परळचंच महात्मा गांधी स्मारक रुग्णालय होतं, ते कामगार विम्याचंच. ठेकेदारानं ईएसआय भरलंच नसेल तरी १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता आली असती. पण "घरी पडला" म्हटल्यावर सगळे दरवाजे बंद. ठेकेदारानं तीन हजार रुपये दिले. पोरगं गावी गेलं. उभं राहिलं, चालायला लागलं. ओझं पुन्हा उचलू शकलं नाही. डोंगरातल्या घरात ओझं न उचलता काय काम असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मला डिप्लोमा मिळाला.

आता जरा मागं जाऊ, कारण आपला तालुका या गोष्टीत उगाच येत नाही. मुंबईत मशीद बंदरला, धान्य बाजारात, कापड बाजारात पाठीवर ओझं वाहणारे बहुतेक हमाल सातारा-पुण्याकडचेच. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. मजुरीचा ठरलेला दर नाही, रजा नाही, म्हातारपणी काही नाही. त्यांना एकत्र आणणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला.

हा कायदा आपण भाषणात ऐकतो, पण तो काय करतो हे नव्या पोरांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात. मंडळ असतं, त्यात कामगार, मालक आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी. ज्याच्याकडं माल चढवायचा-उतरवायचा आहे त्यानं मंडळात नोंदणी करायची. हमालांच्या टोळ्या मंडळाकडं नोंदलेल्या, टोळीला मुकादम. मजुरी मालकानं थेट हातात द्यायची नाही, मंडळाकडं भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी. मालक दहा असोत की शंभर, कामगाराचं खातं एक. म्हणूनच पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला कोपरखैरणे, घणसोलीला घर घेता आलं. आपल्यापैकी किती जणांचे काका-मामा त्या घरांत राहतात, मोजा.

आणि आता नीट वाचा. कायद्याच्या अनुसूचीत कुठली कामं येतात ती यादी आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या वाहनांत माल चढवणं, उतरवणं आणि त्याला जोडून असलेली कामं त्या यादीत आहेत. माझ्या भाच्याच्या गोदामात रात्रभर दुसरं काय चालतं? पोत्याऐवजी खोका आला, खोक्यावर कंपनीची चिकटपट्टी आली, म्हणून हमाल 'लोडिंग असोसिएट' झाला आणि कायद्याबाहेर गेला? पाठ तीच आहे की.

मुकादम आणि सुपरवायझर यातला फरकही इथंच आहे. मुकादम टोळीतलाच. त्यानं कमी माणसांत जास्त काम कबूल केलं तर त्याच्याच पाठीला लागतं. डबेवाल्यांचं बघा. १८९० पासून चाललंय, रोज हजारो डबे दादर, चर्चगेटला हातोहात बदलतात. तिथंही मुकादम असतो, पण तो डबा उचललेला माणूस असतो. सुपरवायझरला कंपनी पोरांच्या समोर उभा करते, पोरांच्या बाजूला नाही.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. याच गिरणगावात जॉबर होता, कामाला लावायचे पैसे खायचा. बदली कामगार सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा, घेतलं तर घेतलं. १९८२ च्या संपात बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. अडीच लाख माणसं संपावर गेली, गिरण्या गेल्या. आज त्याच जागांवर काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या सावलीत रात्री ठेकेदाराची पोरं गेटवर उभी असतात. बदलीवाल्याकडं निदान बदली कार्ड होतं.

आणि हो, माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारे आहेत. कुठल्या तरी संघटनेचं लेटरपॅड घेऊन, माल न उचलता पैसे मागणारे. कारखानदारांची ही तक्रार खोटी नाही, आणि खरे माथाडी नेतेही ती मान्य करतात. याच कारणानं २०२३ मध्ये सरकारनं कायदा बदलायचं विधेयक आणलं, तेव्हा माथाडी संघटनांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, खोट्याला जरूर धरा पण त्यासाठी खऱ्याचं छप्पर काढू नका. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ ला गेले. आयुष्यभर ते हेच सांगत होते की हमाल हा भीक मागत नाही, तो कामाचा हिशेब मागतो. खंडणीखोराला तुरुंगात घालायला पोलीस आहेत. त्याचं निमित्त करून लाखो पार्सलं उचलणाऱ्या पोरांना कायद्याबाहेर ठेवायचं, याला कुठली सुधारणा म्हणायची?

"कंपन्यांना परवडणार नाही" असंही कुणी लिहील. मान्य, फुकट काही होत नाही. पण मग तुम्हाला घरपोच मिळतं ते स्वस्त कशानं झालं, तेही मान्य करा. मोफत डिलिव्हरी असं काही नसतं. कुणीतरी पैसे भरतंच. जावळीच्या त्या पोरानं कमरेनं भरले.

आता मूळ गोष्ट. ही पोस्ट मी आज का लिहितोय.

गेल्या महिन्यात रात्री अडीचला भाच्याचा फोन आला. गोदामात वॉशिंग मशीन उतरवताना दोघांतल्या एकाचा हात सुटला, मशीन दुसऱ्याच्या पायावर पडलं. त्या रात्री चार माणसांची गरज होती, दोन होती. पोराला हॉस्पिटलला नेलं. तासाभरात भाच्याच्या मोबाईलवर मजकूर आला, खाली सही करून पाठव म्हणून. मजकूर त्यानं मला वाचून दाखवला. कामगार विनापरवाना मशीनजवळ गेला, सुपरवायझरनं मनाई केली होती.

वीस वर्षांत भाषा सुधारलीय एवढंच. जिन्याऐवजी 'विनापरवाना' आला.

भाचा म्हणाला, "मामा, सही करू का?"

माझं घर चालतं त्याच्या नोकरीवर नाही. म्हणून मला सांगणं सोपं होतं. तरीही मी लगेच बोललो नाही. ताईचं घर डोळ्यांसमोर आलं, अंगणातला अर्धा राहिलेला स्लॅब आला. मग जावळीचं ते पोरगं आलं. मी म्हणालो, "करू नको. जे झालं ते लिही, माणसं किती कमी होती ते लिही, आणि त्याची एक प्रत स्वतःकडं ठेव."

त्यानं तसंच केलं. पुढच्या सोमवारी गेटवर त्याचं कार्ड चालेना. ड्यूटीच्या यादीत नाव नाही. कामावरून काढलं असं लेखी काही नाही, तोंडी एवढंच, "वरून कळवतो." तीन आठवडे झाले. अजून वरून काही कळलेलं नाही. तो लालबागलाच आहे, दुसरं काम बघतोय.

ताईनं मला फोन केला. म्हणाली, "तुझ्या पत्रकारितेपायी माझ्या पोराची नोकरी गेली. तू तुझ्या वेळेला सही केली होतीस ना? मग माझ्याच पोराला का शिकवलंस?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ताई बरोबर बोलली. मी डिप्लोमा वाचवला आणि भाच्याला मात्र नोकरी घालवायला लावली. पण ज्याच्या पायावर मशीन पडलं त्याचा अपघात कामावर झाला हे आज लेखी आहे, त्याच्या गोदामातल्याच माणसाच्या सहीनं. त्याच्या विम्याचा अर्ज त्यावर उभा आहे. ती सही नसती तर तो 'विनापरवाना' ठरून घरी गेला असता. वीस वर्षांपूर्वी अशी सही मला करता आली नाही, ती माझ्या भाच्यानं केली. ताई, तुझं पोरगं माझ्यापेक्षा मोठं निघालं. फोनवर मला हे बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आता मागण्या. आपले आमदार, माथाडीचे नेते, सगळे हे पेज बघतात हे मला माहिती आहे.

१. डिलिव्हरी कंपन्यांच्या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची माथाडी मंडळात नोंदणी करा. कायदा आहे, यादीत काम आहे, तपासणीला माणूस पाठवा. तोही रात्री पाठवा. दिवसा गोदामात झाडू मारलेला असतो.

२. प्रत्येक जड खोक्यावर काट्यावरचं खरं वजन मोठ्या आकड्यात लिहा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच सांगितलंय की एका प्रौढ पुरुषानं वाहायचं ओझं जास्तीत जास्त ५५ किलो असावं. आपले माथाडी ५० किलोच्या गोणीसाठी वाशीच्या बाजारात आजही भांडतात. आणि खोक्यावर मात्र वजनच नाही.

३. किती नगांना किती माणसं हे गोदामाच्या भिंतीवर लिहा. माणसं कमी असली तर गाडी थांबवायचा अधिकार सुपरवायझरला द्या. जबाबदारी त्याची आहे तर अधिकारही त्याचाच हवा.

४. 'शॉर्टेज'च्या नावाखाली लेखी विचारणा न करता पगार कापणं बंद करा.

५. अपघाताच्या अहवालाची प्रत जखमी माणसाला त्याच दिवशी द्या.

आणि ज्यांची पोरं अशा गोदामांत कामाला आहेत त्यांना चार गोष्टी सांगा. ईएसआयचा विमा क्रमांक मागून घ्या, तो आहे की नाही हे पहिल्या महिन्यातच कळतं. पगाराच्या पावत्या आणि हजेरीचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, गावाकडं कुणाला तरी पाठवून ठेवा. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे विसरू नका. आणि लागलं, पडलं, तर हॉस्पिटलमध्ये डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "कसं लागलं?" तेव्हा सोबत आलेला माणूस काहीही खुणावू दे, खरं सांगा. कामावर लागलं म्हणून सांगा, जागेचं नाव सांगा. तो केसपेपर पुढं सगळ्यात मोठा साक्षीदार असतो.

राहता राहिला तो व्हिडिओ. तुम्ही फॉरवर्ड केला, करा. फक्त पुढच्या वेळी सोबत एवढं लिहा की त्या रात्री तिथं माणसं किती होती. माहीत नसेल तर माजलेत म्हणू नका.

जावळीच्या त्या मित्राला कुणी ओळखत असाल, २००५ ला लोअर परळला होता, कमरेला लागून गावी आला, तर त्याला ही पोस्ट दाखवा. त्याला सांगा, त्या कागदावर मी खोटी सही केली होती. अजून काही करता येत असेल तर मी खरी साक्ष द्यायला येईन. माझा नंबर तालुक्यात सगळ्यांकडं आहे.